चार घरची खीर

"भंतेजी, आज भोजन कुणाकडं हाय?" रिक्षाची काच पुसता पुसता चंदरनं सहज विचारलं.

"वत्सलाबाईंकडे," शीलरत्न हळूच म्हणाला.

चंदरचा हात काचेवरच थांबला. "मग सुनील सकाळी दीड किलो पनीर कुणासाठी घेऊन गेला? मला तर म्हनला, भंतेजी येनारेत."

"सुनीलकडे?"

"आन् सरुमावशीनं कालपास्नं गहू भिजत घातलेत. खिरीचे. शेजारनीकडून मोठं पातेलं मागून आनलंय, भंतेजी येनार म्हनून." चंदरनं फडकं खांद्यावर टाकलं आणि आवाज खाली आणला. "आन् खंडेराव हवालदारांनी काल माझ्याच रिक्षातनं गॅसची टाकी आनली. बायको गेल्यापास्नं त्यांचा डबा येतो, घरात गॅस पेटला नव्हता. मी इचारलं, कशाला टाकी? तर म्हनले, रविवारी भंतेजी येतायत."

शीलरत्न विहाराच्या पायरीवर मटकन बसला. साडेनऊ वाजून गेले होते. भिक्खूला दुपारी बारानंतर अन्नाचा कण चालत नाही. म्हणजे अडीच तास, चार घरं आणि पोट एकच.

शीलरत्न बावीस वर्षांचा, भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, घेऊन वर्षही झालं नव्हतं, तोच धम्मप्रचारासाठी त्याची नेमणूक नाशिकच्या संबोधी कॉलनीतल्या विहारात झाली. गावानं निरोप समारंभ केला. आई नागपूर स्टेशनापर्यंत आली आणि गाडी सुटताना म्हणाली, "भेऊ नको रे बाप्पा." पण नाशिकला आल्यापासून तो ते एकच काम मन लावून करत होता. तो रहदारीला भ्यायचा, कॉलनीतल्या कुत्र्यांना भ्यायचा, प्रश्न विचारणाऱ्या बायकांना तर फारच भ्यायचा. आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तो स्वतःच्या मराठीला. पहिल्याच रविवारी प्रवचनात तो म्हणाला होता, "तृष्णा माणसाले खाऊन राहिली," आणि मागच्या रांगेतली पोरं खुदकन हसली होती. तेव्हापासून तो पालीत खणखणीत बोले. त्रिसरण, पंचशील, गाथा, सगळं कसं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाई. पाली संपली की त्याचं तोंड बंद.

आणि नेमकं तेच नडलं होतं. भिक्खूला भोजनाचं आमंत्रण दिलं, तर तो 'हो' म्हणत नाही. तो गप्प राहतो. गप्प राहणं हाच होकार, ही फार जुनी रीत. विहाराचे प्रमुख भदंत विनयसार यांनी पावसाळ्यातल्या वर्षावासात कॉलनीला ती इतकी नीट समजावून सांगितली होती की आता लहान मुलांनासुद्धा पाठ होती. नकार द्यायचा असेल, तरच भिक्खू तोंड उघडतो.

एरवी कुणाचं भोजनदान कधी, हे भदंतच ठरवत. पण गुरुवारी ते तीन दिवसांसाठी सटाण्याला गेले आणि कॉलनीला या एकट्या पोराची दया आली. प्रत्येकानं गुपचूप येऊन विचारलं. गुरुवारी सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्ष वत्सलाबाईंनी विचारलं, तेव्हा तो रीतीप्रमाणे गप्प राहिला. ते बरोबरच होतं. संध्याकाळी सुनील आला, तेव्हा तो ध्यानाला बसला होता. सुनीलनं बंद डोळ्यांना आमंत्रण दिलं आणि समाधानानं निघून गेला. शुक्रवारी भाजीवाल्या सरुबाईंनी विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडात घास होता, आणि घास तोंडात असताना भिक्खूनं बोलायचं नसतं. घास गिळेपर्यंत सरुबाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. शनिवारी खंडेराव आले. तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. "भंतेजी! उद्या! भोजन! माझ्याकडं!" असं ते म्हणाले, तेव्हा शीलरत्नच्या जागी कुणीही असता तरी गप्पच बसला असता.

"मंग तीन घरी जाऊन सांगून टाकू, जमत नाय म्हनून," चंदर म्हणाला. "त्यात काय?"

"तुम्ही सांगता?"

"सुनीलला सांगतो. सरुमावशीलाबी सांगंन, चार शिव्या खाऊन. पन हवालदारांना मी नाय सांगनार, भंतेजी. मला ह्याच गल्लीत रिक्षा चालवायचीय."

शीलरत्नला जाण्यापूर्वीचे भदंत आठवले. पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहून ते म्हणाले होते, "आमंत्रण स्वीकारून न जाणं म्हणजे उपासकाच्या श्रद्धेचा अपमान. मी रविवारी दुपारी येतो. एकाही घरातून तक्रार आली, तर तुला साकोलीच्या गाडीत मी स्वतः नेऊन बसवीन." भदंत कधी चेष्टा करत नसत. दोन महिन्यांत धम्मप्रचार आटोपून परत आलेल्या मुलाला गाव काय विचारील, आणि आई गावाला काय सांगेल, या विचारानं त्याच्या पोटात गोळा आला. आज त्या पोटाला गोळा परवडणारा नव्हता.

"चारही घरी जाऊ," तो उठून म्हणाला. "ज्यानं आधी बोलावलं, त्याच्याकडे आधी. पण एक अडचण आहे."

"अजून एक?"

"जेवताना मी एकदा 'आता नको' म्हटलं, की माझं आजचं जेवण संपलं. मग दुसरीकडे खाता येत नाही. नियम आहे."

चंदरनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगावर चीवर होतं म्हणून, नाहीतर माणूस काडीसारखा. "म्हंजे वाढतील तितकं खायचं, आन् नको म्हनायचं नाय. चार घरी." त्यानं रिक्षाचे दोन्ही पडदे खाली सोडले. "बसा. कुनाला दिसायला नको."

वत्सलाबाईंचं घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. कडक ऊन पडलेलं असताना पडदे सोडलेली रिक्षा कॉलनीतून चालली, तेव्हा लोक वळून वळून पाहू लागले. शीलरत्न आत अंग चोरून बसला होता. कुठलंही पाप करायला निघालेला माणूस याहून निर्धास्त दिसला असता.

वत्सलाबाईंनी चौरंग, फुलं, उदबत्ती, सगळी तयारी केली होती. शीलरत्ननं पंचशील दिलं, ते नेहमीच्या निम्म्या वेळात. पाचवं शील घेताना वत्सलाबाईंना धाप लागली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि शेवयांची खीर. त्यानं तीन पोळ्या संपवल्या. चौथी आली. तो काही बोलला नाही. पाचवी आली.

"भंतेजींना पुरणपोळी फार आवडलेली दिसते," वत्सलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "बाई गं, तूप संपलं. थांबा हं, आतून आणते."

त्या आत वळल्या आणि दाराशी बसलेला चंदर जोरात खोकला. हे आधीच ठरलं होतं. वाढणारी आत गेली की उठायचं. नको म्हणायचा प्रश्नच नाही. वत्सलाबाई तुपाचं भांडं घेऊन बाहेर आल्या, तेव्हा भंतेजी हात धुऊन आशीर्वादाची गाथा म्हणत होते.

सुनीलकडे पोचायला दहा पस्तीस झाले. सुनील अंबडच्या एका कारखान्यात होता, त्याची बायको संध्या शिक्षिका. दोघांनी हौसेनं पनीरच्या दोन भाज्या, पुलाव, गुलाबजाम आणि साबुदाण्याची खीर केली होती. प्रत्येक घरी खीर असणारच होती. सुजातेनं बोधिसत्त्वाला खीर दिली, तेव्हापासून भोजनदानात खिरीवाचून चालत नाही. शीलरत्नला आज प्रथमच वाटलं, सुजातेनं काकडी दिली असती तर बरं झालं असतं.

"घ्या ना भंतेजी, संकोच करू नका," संध्या म्हणाली आणि तिनं पुलावाचा डोंगर केला. शीलरत्ननं घड्याळाकडे पाहिलं, पुलावाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"किती शांत आहेत बघ," सुनील बायकोला म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत शीलरत्नच्या चेहऱ्यावर फार मोठी शांती दिसत होती. खरं म्हणजे तो श्वास धरून बसला होता, कारण श्वासालाही आता जागा उरली नव्हती. सुनीलनं तो फोटो तिथल्या तिथे कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. 'आज आमच्या घरी पूज्य भंतेजींचं भोजनदान. साधू साधू साधू.' हे मात्र ना शीलरत्नला कळलं, ना चंदरला. चंदर तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून खोकायची वेळ बघत होता.

रिक्षात चढताना शीलरत्नला चंदरनं मागून ढकलावं लागलं. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. तोंड उघडायची आता शीलरत्नला वेगळीच भीती वाटत होती.

सरुबाईंची खोली कॉलनीच्या टोकाला होती. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि ती गव्हाची खीर. पातेलं इतकं मोठं होतं की सरुबाई त्याच्या मागे अर्ध्या झाकल्या गेल्या होत्या. "मला पोरंबाळं नायती," त्या म्हणाल्या. "तुमी आले, लय बरं वाटलं. आता पोटभर खायचं. लाजायचं नाय." आणि त्या समोर बसल्या त्या हलल्याच नाहीत. सगळं हाताशी घेऊन बसलेल्या, त्यांना आत जायचं कारणच नव्हतं. चंदर खोकला. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा खोकला, तेव्हा सरुबाई वैतागल्या. "अरे चंदर, काय ते ढास लागल्यागत! थांब, तुला हळदीचं दूध देते," म्हणत त्या अखेर उठल्या.

शीलरत्न भिंतीला धरून उभा राहिला. गाथा म्हणताना त्याचा आवाज इतका खोल निघाला की सरुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

रिक्षात बसल्यावर चंदर म्हणाला, "भंतेजी, अकरा पस्तीस झाले. आपन असं करू. हवालदारांना सांगू, पोट बिघडलं. खोटंबी नाय ते."

शीलरत्नला मोह झाला. फार झाला. पण खंडेरावांचा तो आवाज त्याच्या कानात घुमला, आणि नाही सांगण्यापेक्षा पोट फुटून मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं फक्त मान हलवली आणि रिक्षा वळली.

खंडेरावांचं दार उघडंच होतं. खंडेराव दाराच्या मधोमध उभे होते, पांढरा स्वच्छ सदरा, ताठ मिशा. पंचशील देताना आज पहिल्यांदा त्याची पाली अडखळली. मग खंडेरावांनी ताट आणून चौरंगावर ठेवलं, आणि ते ठेवताना ताटातली वाटी टणटण वाजली. शीलरत्ननं वर पाहिलं. हवालदारांचे हात थरथरत होते.

ताटात वरण होतं, भात होता आणि वाटीत तपकिरी रंगाची खीर होती. घरभर जळका वास पसरला होता.

"भंतेजी," खंडेराव म्हणाले. तो कालचा आवाज नव्हताच. "खीर करपली. दोन वेळा केली, दोन्ही वेळा करपली. ही होती तवर मी कधी चहासुदा केला नाही. आज तिला जाऊन वर्ष झालं. तिच्या नावानं स्वतःच्या हातानं दान करायचं होतं." ते थांबले. "पहाटेपास्नं धाकधूक होती. तुम्ही काही बोलत नाही. वाटलं, हे भंते फार कडक. खीर बघून उठून जातील."

शीलरत्न त्यांच्याकडे बघतच राहिला. आपल्याला कुणी भिऊ शकतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचा जीव कळवळला, आणि नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा तो न घाबरता, विचार न करता बोलला.

"आमची मायही अशीच करपवते जी. मले आवडते."

त्यानं वाटी उचलली आणि खीर संपवली. कशी संपवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. खंडेरावांनी तोंड दुसरीकडे फिरवून मिशी पुसली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावन्न झाले होते. आता फक्त गाथा म्हणायची आणि सुटायचं.

तेवढ्यात दारात चपलांचा ढीग पडला. रिक्षाचा माग काढत सगळे आले होते. पुढे वत्सलाबाई, त्यांच्या हातात मोबाइल. मागे सरुबाई, मग सुनील आणि संध्या.

"भंतेजी," वत्सलाबाईंनी मोबाइल त्याच्यासमोर धरला, "हा फोटो सुनीलच्या घरचा. दहा पन्नासचा. सव्वादहाला तुम्ही माझ्याकडे पुरणपोळी खात होतात."

"आन् सव्वाअकराला माझ्याकडं भाकरी," सरुबाई म्हणाल्या.

"म्हणजे आमचा दुसरा नंबर?" सुनील म्हणाला.

"तुम्ही चौघांना हो म्हणालात, भंतेजी?" वत्सलाबाईंचा आवाज चढला. "आम्ही काय समजायचं?"

साकोलीची गाडी शीलरत्नला डोळ्यांसमोर दिसू लागली. पण समोर खंडेराव उभे होते, ओल्या मिशीचे, आणि त्यांच्याकडे बघून तो बोलून गेला. "मी हो म्हणालोच नाही जी. मी भेलो होतो. तुम्ही विचारलं की मले भेव लागते. माझ्या बोलण्यावर पोरं हासतात. म्हणून गप्प राहिलो, आन् सगळ्यायचं मन मोडू नये म्हणून चारी घरी जेवलो. आता मले उठताही येत नाही."

कुणी हसलं नाही. वत्सलाबाईंनी मोबाइल खाली केला. "अगं बाई! मी महिनाभर समजतेय की भंतेजी माझ्यावर नाराज आहेत. लाटताना दोन पोळ्या फाटल्या माझ्या."

"आम्ही तर मीठ तीनदा चाखलं," संध्या पुटपुटली.

"आगं बया, माझं लेकरू!" म्हणत सरुबाई पुढे आल्या आणि ऐन वेळी आठवून दोन हात लांब थांबल्या. भिक्खूला बाईनं हात लावायचा नसतो. "चंदर! ओवा आन आधी!"

चंदर ओवा आणायला वळला, आणि दारात भदंत विनयसार उभे होते. खांद्याला पिशवी, चेहरा सुकलेला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. शीलरत्न भिंतीला धरून कसाबसा उठला.

"कॉलनीच्या सगळ्या चपला इथे कशा?" भदंतांनी विचारलं. "कुणाची तक्रार आहे?"

सगळ्यांनी सकाळीच पंचशील घेतलं होतं, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. शेवटी वत्सलाबाईंनी खरं ते सांगितलं. चार आमंत्रणं, चार भोजनं. "पण तक्रार कुणाची नाही," त्यांनी घाईघाईनं जोडलं. "यांना परत धाडायचं नाही, भदंतजी." खंडेरावांनी मान डोलावली, आणि ती डोलावणी हुकमासारखी होती.

भदंत काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. भदंतांनी पिशवी पाठीमागे सरकवली. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा खंडेराव म्हणाले, "तातडीचा दिसतोय," आणि जुन्या सवयीनं फोन काढून घेऊन त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"भंतेजी, कोठे शेतस तुम्ही?" सटाण्याची एक बाई कळवळून विचारत होती. "तिन्ही घरसना सैपाक थंडा व्हई गया ना!"

फोन बंद करून भदंत खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी चीवराची घडी नीट केली. "काल संध्याकाळी तिथे तीन घरांनी विचारलं," ते शेवटी म्हणाले. "तिन्ही वेळा मला नाही म्हणवलं नाही. फार प्रेमानं विचारतात हो त्या बायका. सकाळी मला काही सुचेना. मिळेल ती एसटी धरली आणि निघून आलो."

"म्हणजे तुम्ही सकाळपासून उपाशी?" वत्सलाबाई किंचाळल्या.

"आता बारा वाजून गेले," भदंत म्हणाले. चार घरची खीर कॉलनीत उरली होती आणि त्यांना उद्यापर्यंत त्यातला घोटही चालणार नव्हता. त्यांनी शीलरत्नकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधूनही सापडत नव्हता. "तू निदान गेलास. पुढच्या रविवारी सटाण्याला तूच जा. तीन घरं आहेत. तुला सवय झालीय."

शीलरत्नच्या पोटातून एक दीर्घ आवाज आला. या माणसाला तो दोन महिने सगळ्यात जास्त भ्यायला होता. अजूनही भीत होता. पण चार घरची खीर पोटात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आणखी किती भिता येणार!

"तीन नाही जी," तो म्हणाला. "एका घरी जाईन. बाकी दोन घरी तुम्ही आत्ता फोन लावून नाही म्हणून सांगा."

भदंत विनयसारांचा चेहरा पडला. त्यांनी फोनकडे पाहिलं, जमलेल्या कॉलनीकडे पाहिलं, आणि मग खंडेरावांच्या जरा जवळ सरकून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "हवालदार, तेवढा फोन तुम्ही लावता का?"